पाणी जोखणारे बनसोडेकाका

बनसोडेकाकांशी माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझी पाण्याची बाटली माझ्याच पर्सवर उलटी धरली. भांडुपच्या त्या सोसायटीत राहायला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. लिफ्ट बंद होती आणि मी दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत उभी होते. समोरच्या दारातून पांढरा बुशशर्ट घातलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ बाहेर आले, माझ्या हाताकडे बघून "बघू" म्हणाले आणि हात पुढे केला. मला वाटलं, म्हातारबुवांना तहान लागली असेल. मी बाटली दिली. त्यांनी ती शांतपणे उलटी केली आणि मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. पाचव्या आकड्याला माझी पर्स, पर्समधली आधारकार्डाची झेरॉक्स आणि अर्धा पुडा बिस्किटं भिजली.

"रिजेक्ट," बाटली परत देत ते म्हणाले. "वायसर गेलाय. झाकणाचे आटेपण कच्चे आहेत. कुणी गळ्यात मारली ही, पोरी?"

"काका, पर्स भिजली माझी!"

"आज माझ्यासमोर भिजली. उद्या ऑफिसात भिजली असती."

मी तणतणत वर गेले. पण घरी जाऊन बाटली ओट्यावर आडवी ठेवून पाहिली, तर खरंच गळत होती. दोन वर्षं मी पर्सच्या ओल्या अस्तराचा दोष मुंबईच्या हवेला देत होते.

काका विक्रोळीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात होते. पंपांचे व्हॉल्व्ह त्यांच्या हाताखालून जायचे आणि नापास मालावर ते लाल खडूनं फुली मारायचे. काका रिटायर झाले, खडू झाला नाही. तो बुशशर्टाच्या खिशात कायम असायचा, त्यामुळे काकांच्या छातीवर डावीकडे गुलाबी डाग असे. सुमनकाकूंनी त्या डागापुढे हात टेकले होते. जगातल्या यच्चयावत वस्तूंचे काकांनी दोन ढीग केलेले होते, पास आणि रिजेक्ट. काकूंचे पोहे पास. सोसायटीच्या नव्या वॉचमनची शिट्टी रिजेक्ट. पहिल्या मजल्यावरच्या राण्यांच्या मुलीला बघायला एक मुलगा आला होता. तो स्वतःच्या पगाराबद्दल, गाडीबद्दल आणि परदेशवारीबद्दल अखंड बोलत होता. पाहुणे म्हणून बसलेले काका दहा मिनिटांत उठले आणि जाता जाता राण्यांच्या कानात एकच शब्द बोलले, "गळतंय." स्थळ मोडलं. पुढे त्या मुलाचे काय काय प्रताप कानावर आले, तेव्हा राण्यांनी काकांना पेढे नेऊन दिले.

पण काकांचा खास प्रांत म्हणजे पाण्याच्या बाटल्या. लोकांच्या शोकेसमध्ये मुलांनी मिळवलेले कप असतात, काकांच्या शोकेसमध्ये एकोणीस बाटल्या होत्या. मधोमध काकूंच्या रुखवतातला पितळी फिरकीचा तांब्या. "हा सगळ्यांचा बाप," काका म्हणायचे. "वायसर नाही, काही नाही, नुसत्या आट्यांवर धरतो. बघ, बघ, आटे बघ!" तांब्याच्या बाटलीबद्दल त्यांचं मत होतं, "सकाळी उशाशी ठीक. डोंगरावर नुसतं ओझं." चोखायची नळी असलेल्या बाटल्या दिसल्या की विचारायचे, "दात यायचेत का अजून?" राणे विकतच्या पाण्याची प्लॅस्टिकची बाटली वर्षभर परत परत भरून वापरत. तिच्यावर काकांनी लाल फुली मारली, तेव्हा राणे उखडले, "काय ता बाटलीचा कौतुक! पानी पितंय मी, झाकान नाय खात!" काकांनी ती बाटली नुसती त्यांच्या नाकाखाली धरली. राण्यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं.

बाटली पास व्हायची म्हणजे सोपं काम नव्हतं. आधी ती पाणी भरून वर्तमानपत्रावर उलटी ठेवायची, चहा होऊन पिऊन होईपर्यंत. मग हात आत घालून पाहायचा. "जिथं हात जात नाही, तिथं शेवाळ जातं," हे त्यांचं सूत्र. मग गरम पाणी ओतून बाहेरून गालाला लावायची. मग कमरेइतक्या उंचीवरून जिन्यात सोडायची. शेवटची परीक्षा माझी फार आवडती. एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं झाकण उघडायचं आणि लावायचं. काका पॅसेजमध्ये उघडी छत्री घेऊन उभे दिसले की बाहेरून आलेले लोक छताकडे बघायचे.

या सगळ्याची मला गंमत वाटायची, पण गरज पडली ती मुतखडा झाल्यावर. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला तीन लिटर पाणी, नाहीतर पुन्हा इथंच भेटू. त्या दुखण्याची आठवण इतकी ताजी होती की मी सरळ काकांच्या दारात जाऊन उभी राहिले. काकांचा चेहरा एकदम उजळला. "चल," म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या.

स्टेशन रोडच्या भांड्यांच्या दुकानात आम्ही शिरलो, तसा मालकानं कपाळावर हात मारला. काकांनी ओळीनं आठ बाटल्या काढायला लावल्या आणि खांद्यावरच्या पिशवीतून पाण्याचा कॅन काढला.

"काका, ये दुकान है, कारखाना नहीं," मालक म्हणाला. "पानी चाहिए तो मैं देता हूँ ना, घर से क्यूँ ढोके लाते हो?"

"पानी मेरा. बाटली तुम्हारी. गली तो दोष किसका, साफ पता चलेगा," काका म्हणाले आणि एकेक बाटली काउंटरवर उलटी ठेवत गेले. सहा गळल्या. मालकाची वहीही भिजली. सातवी पास झाली. ती राखाडी रंगाची, रुंद तोंडाची, स्टीलची, दिसायला अगदी हवालदारासारखी. आठवी निमुळती, आकाशी रंगाची, फारच गोड होती. गळली नव्हती, पण तिच्या तोंडात दोन बोटंसुद्धा जात नव्हती आणि पाणी मावत होतं जेमतेम अर्धा लिटर. "रिजेक्ट," काका म्हणाले. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन आकाशी घेऊन आले. माणूस रंगाला भुलतो.

काकांचं आणखी एक वाक्य होतं, ते उठता बसता म्हणायचे, "माणसानं पाणी मागायची वेळ येऊ देऊ नये." ते आम्ही सगळ्यांनी जुन्या माणसाचं शहाणपण म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. काका कुणाकडेही गेले तरी पाणी घेत नसत, चहा मात्र घेत. खांद्यावरच्या कापडी पट्ट्याला त्यांची स्वतःची पोचे पडलेली जुनी स्टीलची बाटली असायचीच. लग्नात, मयतीला, मतदानाच्या रांगेत, सगळीकडे. दुसऱ्यांना पाणी द्यायला मात्र त्यांना फार आवडायचं. कुणी जिना चढून दमलेलं दिसलं की बाटली पुढे यायची, "घे. तोंड लावून पी, सांडू नको."

दर रविवारी काका राण्यांसकट आम्हा चारपाच जणांना मुलुंडच्या मागच्या टेकडीवर न्यायचे. मार्चमधला रविवार होता. त्या दिवशी माझी ऑफिसातली मैत्रीण शुभा आली होती. माझी आकाशी बाटली वाचवावी म्हणून पायथ्याशी मी तिच्याच बाटलीतून दोन घोट प्यायले. पण अर्ध्या चढावर शुभाची संपली आणि माझीही संपली. अर्धा लिटर ते किती पुरणार! ऊन चढलेलं, मुतखड्याची धास्ती, मी एका दगडावर बसकण मारली. काका "तरी मी सांगत होतो" असं म्हणाले नाहीत. त्यांनी खांद्यावरची बाटली काढून माझ्या हातात दिली.

मी मान मागे टाकली, बाटली वीतभर उंच धरली आणि वरून पाणी प्यायले. आईनं लहानपणापासून शिकवलेलं, मोठ्यांचं भांडं उष्टं करायचं नाही. वरून पिण्याची सवय गेलेली, त्यात ते रुंद तोंड. अर्धं पाणी तोंडात, अर्धं कुडत्यावर, थोडं नाकात. शुभा खो खो हसली. मीही हसले. काका हसले नाहीत. त्यांनी बाटली घेतली, झाकण लावलं, एकदा ओल्या मातीकडे पाहिलं आणि चालू लागले. उतरताना माझा पाय घसरला, तेव्हा मागून आवाज आला, "जपून उतरा, मॅडम."

मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाला म्हणताहेत.

पुढचे दोन आठवडे मी मॅडम होते. जिन्यात भेटले की "नमस्कार, मॅडम." बाटलीची चौकशी नाही, रिजेक्ट नाही, फुली नाही. माझ्या हातातल्या आकाशी बाटलीकडे तर ते बघेनातच. कुणी रागावलं तर मी भांडू शकते, त्यात मी पटाईत आहे. पण या अदबीनं माझा जीव मेटाकुटीला आला. या शहरात मला "पोरी" म्हणणारं ते एकच माणूस होतं आणि ते मी कशामुळे गमावलं, हेच मला कळत नव्हतं. शेवटी काका बाहेर गेलेले पाहून मी काकूंकडे गेले.

काकू शेंगा सोलत होत्या. हातातली शेंग त्यांनी सोलून पूर्ण केली. मग म्हणाल्या, "गावच्या शाळेत एक रांजण होता, बघ. आमच्या वस्तीतल्या पोरांनी त्याला हात लावायचा नाही. एक मोठा पोरगा तांब्यानं वरून ओतायचा आणि ह्यांनी खाली ओंजळ धरायची. तांब्या ओंजळीला लागायला नको. पडलं तर पडलं, सांडलं तर सांडलं. तो पोरगा खेळायला गेला की दिवसभर तसंच. म्हणून हे पाणी मागत नाहीत कुणाला. म्हणून ही बाटल्यांची जत्रा."

"पण काकू, मी तर मोठ्यांचं उष्टं करू नये म्हणून..."

"मला कळतंय गं. त्यांनाही कळत असंल. पण खाली त्या मैत्रिणीच्या बाटलीला तू तोंड लावलंस ना? ते बघितलं त्यांनी. चौतीस वर्षं तपासणीत काढलीत. त्यांच्या नजरेतून काय सुटतंय?"

मला फार लाज वाटली. मोठ्यांचा मान राखला, एवढंच होतं, असं मी काकूंना पुन्हा एकदा सांगितलं. घरी येऊन तेच स्वतःला सांगून पाहिलं, तेव्हा ते तितकं पास होईना. मान राखायचाच होता, तर काका स्वतःच्या तोंडानं हजार वेळा सांगत होते ते ऐकायला हवं होतं. तोंड लावून पी. काकांनी माझं पाणी जोखलं होतं आणि मी गळले होते.

माफी कशी मागायची? काका माफीवरही फुली मारतील, अशी मला भीती होती. मी स्टेशन रोडवर गेले आणि ती राखाडी हवालदार बाटली घेऊन आले. रविवारी काठोकाठ भरून टेकडीवर नेली. अर्ध्या चढावर, त्याच दगडावर बसले आणि म्हणाले, "काका, पाणी द्या."

"तुमची बाटली भरलेली आहे, मॅडम."

"आहे. तरी द्या."

काकांनी एकदा माझ्या राखाडी बाटलीकडे पाहिलं. मग खांद्यावरून बाटली काढली. मी तिला तोंड लावलं आणि लहान मुलासारखी गटागटा प्यायले. थेंब सांडला नाही. परत देताना मी घाईघाईनं झाकण फिरवलं.

काकांनी झाकण तपासलं. "तिरकं लावलंस," ते म्हणाले. "आट्यात बसव नीट, पोरी. कितीदा सांगायचं?"

मी दगडावर बसल्या बसल्या रडले. राणे म्हणाले, ऊन लागलं असेल.

त्यानंतर आमचं सगळं झकास पूर्ववत झालं. आकाशी बाटलीवर रीतसर लाल फुली पडली, मी तिच्यात मनीप्लांट लावला. पण एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागून राहिली. माझी बाटली मी काकांपुढे कितीदा तरी केली. टेकडीवर, जिन्यात, एकदा दवाखान्याच्या बाकावर. दर वेळी ते आपल्या पोचे पडलेल्या बाटलीवर थाप मारायचे. "माझी आहे." त्यात राग नव्हता. सवय होती, आणि ती सवय त्यांना कुणी लावली होती, ते मला आता माहीत होतं. मी आग्रह करणं सोडून दिलं.

गेल्या वर्षी सोसायटी पुनर्विकासाला गेली. जो तो भाड्याची जागा शोधत पांगला. काका-काकूंनी लातूरला मुलीकडे जायचं ठरवलं. सामानाचा टेम्पो पुढे गेला, त्यात एकोणीस बाटल्यांचं खोकं होतं. खोक्यावर लाल खडूनं मोठ्ठं 'पास' लिहिलेलं. रिक्षा दारात आली, काकू डोळे पुसत आत बसल्या. काका अजून फाटकापाशीच उभे होते. पांढरा बुशशर्ट, छातीवर गुलाबी डाग, खांद्यावर ती जुनी बाटली.

"पोरी," ते म्हणाले, "जरा पाणी दे गं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्यांच्या खांद्यावरची बाटली भरलेली होती, तिचं वजन पट्ट्यावर दिसत होतं.

"काका, तुमची भरलेली आहे की."

"आहे. तरी दे."

मी पर्समधून राखाडी बाटली काढली. काकांनी तिला तोंड लावलं आणि सावकाश, डोळे मिटून, चांगले पाचसहा घोट प्यायले. मग झाकण लावलं, आट्यात नीट बसवलं आणि बाटली माझ्या हातात ठेवून रिक्षात बसले. उलटी करून पाहिली नाही.