बसणारी गाडी आणि गुंडू मेस्त्री

गुंडू मेस्त्रीला शिसारी कशाची येत नाही, हे सांगणं सोपं आहे. ग्रीसची येत नाही आणि जळक्या ऑइलची येत नाही. बाकी जगात जे जे आहे त्याची येते, आणि तो ती लपवत नाही. बेंगळुरातल्या बेळ्ळंदूर भागातून आलेल्या गाडीच्या पोटाला चिकटलेला काळा, कुबट चिखल खरवडताना तो नाकाला फडकं बांधतो आणि फडक्यातूनच शिव्या घालतो. पण सगळ्यात जास्त शिसारी त्याला काचेच्या भिंतींच्या सर्व्हिस सेंटरांची. तिथली माणसं गाडीला स्कॅनर लावतात, पडद्यावर आलेलं वाचतात आणि गाडीखाली न वाकता पार्ट बदलतात. "रोग्याला हात न लावता औषध देणारे," असं म्हणून तो बाजूला थुंकतो.

गुंडू मूळचा निपाणीचा. पोरवयात तंबाखूच्या वखारीत बोद, म्हणजे तंबाखूचे मोठे गठ्ठे, बांधायचा. तीस वर्षांपूर्वी बेंगळुरात आला आणि शिवाजीनगरच्या एका गल्लीत गॅरेज टाकून बसला. गेली दहा वर्षं तो फक्त हवेवर उभ्या राहणाऱ्या गाड्या बघतो. महागड्या गाड्यांना स्प्रिंगऐवजी प्रत्येक चाकाशी रबरी फुगा असतो. कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो आणि चाकाजवळचा बोटभर दांडीचा सेन्सर गाडी किती उंच आहे ते कळवत राहतो. यातलं काहीही बिघडलं की गाडी म्हशीसारखी एका अंगावर बसते. का बसली ते शोधणं हे गुंडूचं पोट आणि गुंडूची अब्रू, दोन्ही.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी मुग्धा कर्वेची गाडी अशीच डाव्या अंगावर बसून, टोइंगच्या गाडीवरून त्याच्या दारात आली. मुग्धा पुण्याची, बेळ्ळंदूरला आयटीत. तिनेच आपल्या सोसायटीत गुंडूचं नाव सांगितलं होतं, आणि आता त्याची निम्मी गिऱ्हाइकं त्या एका सोसायटीतून येत.

"अण्णा, ऑफिसच्या पार्किंगमध्येच बसली ना," ती म्हणाली. "तुमच्याकडे आणण्याइतका टाइम नव्हता, म्हणून जवळच्या सेंटरला दिली. त्यांनी पुढचा डावा फुगा बदलला, कॉम्प्रेसर बदलला. आठ दिवसांत परत तेच. आता म्हणतात कॉम्प्युटर बदला."

"उद्या ड्रायव्हर बदला म्हणतील," गुंडू म्हणाला. "स्वल्प थांबा. चार वाजता या."

त्याची रीत ठरलेली होती. बसलेल्या कोपऱ्यात त्याने बाहेरून हवा भरली, गाडी सरळ केली, किल्ली काढून घेतली आणि चाकावरच्या पत्र्याची उंची मोजून खडूने खूण केली. फुग्यावर, नळीवर, जोडांवर साबणाचं पाणी मारलं. कुठे बुडबुडा नाही. चार वाजता मुग्धा आली तेव्हा गाडी खुणेपासून केसभरही खाली आलेली नव्हती. मग त्याने किल्ली फिरवली. फुस्स करून आवाज झाला आणि बघता बघता डावा कोपरा चाकावर टेकला.

"बघितलासा? हवा गळत न्हाई, ताई. गाडी आपण होऊन सोडत्येय. तिला वाटतंय, आपून लई उंच झालोय. सेन्सर खोटं सांगालाय तिला." त्याचा चेहरा फुलला होता. "चांगला फुगा काढून टाकला त्या हरामखोरांनी. एकदा वाकून बघितलं असतं तर कळलं असतं."

आणि तो स्वतः वाकला. जॅक लावून पाठीवर सरपटत आत गेला, चिखल खरवडला. सेन्सरची दांडी खोबणीतून निसटली होती आणि तिचं वरचं टोक एका पिवळ्या नायलॉनच्या दोरीने वेडंवाकडं ओढून धरलं होतं. "कुठल्या गाढवानं बांधलीय ही?" असं तो म्हणणारच होता, तेवढ्यात त्याला गाठ दिसली.

दोन वेढे आणि शेपूट खालून खोचलेलं. तंबाखूच्या बोदाची गाठ. बेंगळुरात ती बांधणारा एकच माणूस होता.

त्याला सगळं आठवलं. खंडेनवमीला, इथल्या आयुधपूजेला, ही गाडी ब्रेकच्या कामासाठी त्याच्याकडेच उभी होती. दारातल्या प्रत्येक गाडीला हळदकुंकू लावून, चाकाखाली लिंबं ठेवून, पुढे केळीचे खुंट बांधायचे हा गॅरेजचा रिवाज, आणि बांधायचे ते मेस्त्रीने स्वतःच्या हाताने. या गाडीचा बंपर गुळगुळीत, दोरी अडकवायला जागा नाही. पूजेचा मुहूर्त टळत होता. त्याने चाकाच्या पोकळीत हात घातला आणि हाताला लागलं त्याला बांधून टाकली. वाकून बघितलं नाही. पुढे कधीतरी खुंट रस्त्यात खेचला जाऊन तुटला असणार, आणि दोरी दांडीला ओढून तशीच राहिली असणार.

आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, ते हेच. दोरी कापून गुंडूने मुठीत घेतली आणि दांडी खोबणीत बसवली.

"काय होतं?" तो बाहेर आल्यावर मुग्धाने विचारलं.

"दोरी अडकलीती," तो म्हणाला.

"रस्त्यावरचा कचरा!" ती चिडली. "आणि यांनी मला फुगा आणि कॉम्प्रेसर विकला. मी सोडणार नाही त्यांना, ग्राहक मंचात जाणार. तुमच्या लेटरहेडवर रिपोर्ट द्या. मी लिहिते, तुम्ही सही करा."

तिने इंग्रजीत लिहिलं आणि त्याला मराठीत वाचून दाखवलं. फुगा चांगला होता, कॉम्प्रेसर चांगला होता, रस्त्यावरची दोरी सेन्सरमध्ये अडकली होती, सेंटरने तपासच केला नाही. चारपैकी तीन गोष्टी खऱ्या होत्या. गुंडूने सही केली, शिक्का मारला. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी किळस आली की त्याला तिथे उभं राहवेना. सेंटरवाल्यांना तो जन्मभर नावं ठेवत आला होता. पण त्यांनी निदान पडद्यावर होतं ते तरी वाचलं होतं. त्याने मात्र डोळ्यांनी बघून खोटं लिहून दिलं होतं.

मुग्धा गाडी मागे घेत होती. गुंडूने काचेवर टकटक केली.

"ताई, तो कागद द्या जरा."

बॉनेटवर कागद ठेवून त्याने शिक्क्याखाली कानडीत दोन ओळी लिहिल्या. इंग्रजी त्याला येत नव्हतं आणि गॅरेजची बिलं लिहून त्याच्या हाताला कानडीचीच सवय होती.

"काय लिहिलंत?"

त्याने मूठ उघडून दोरी दाखवली. "रस्त्यावरची न्हवं ही. पूजेला केळीचा खुंट मीच बांधलो होतो. चुकून दांडीला बांधलो. गाडी बसली ती माझ्यामुळं. त्यांनी न बघता पार्ट बदलले, ते बी खरं हाय. दोन्ही राहू दे कागदावर."

मुग्धाने दोरी हातात घेऊन पाहिली. राग यायला तिला थोडा वेळ लागला, पण आला.

"महिनाभर मी कॅबने फिरतेय, अण्णा. आणि आता हा कागद दाखवला की ते सगळं तुमच्यावर ढकलून मोकळे होणार. तुमच्या भरवशावर बोलले मी सगळीकडे. सोसायटीत एकेकाला तुमचं नाव सांगितलंय."

"व्हय," गुंडू म्हणाला आणि कागद तिच्या हातात दिला. "तर मग सोसायटीत एकेकाला हे पण सांगा."