तळाची प्लेट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तेव्हाच्या टीमला तर नाहीच. आता तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही. थकलोय, एवढंच.

कल्याणच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा आमची रोबो बनवणारी टीम होती. मी कॅप्टन. स्नेहल लोकलने दिव्याहून यायची, घरचं पाणी भरून झालं की. मशीनमधलं तिला जे कळायचं, ते आमच्यात कुणालाच कळायचं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच खुपायचं — नाही का?

रोबोने जमिनीवरचे ठोकळे उचलून उंच फळीवर ठेवायचे होते. मला आडवीतिरकी कुठेही पळणारी चार महागडी चाकं हवी होती. स्नेहलचं म्हणणं, चार चाकांना चार मोटरी लागतील, अर्धं वजन त्यातच जाईल. त्यापेक्षा मागे मोटरवरची दोन मोठी चाकं, पुढे ऑफिसच्या खुर्चीला असतात तशी दोन छोटी. आणि ठोकळा उचलताना रोबो पुढे झुकू नये म्हणून मागे, अगदी तळाशी, एक लोखंडी प्लेट. सगळ्यांना तिचंच पटलं. उचलणारा हात मात्र मी बनवलेला. जाड, भक्कम — गरजेपेक्षा जड. तो हलका कर, असं ती म्हणालेली. मी केला नाही.

स्पर्धा ठाण्यात होती. वजनकाट्यावर आमचा रोबो ठरवून दिलेल्या वजनापेक्षा जास्त भरला. लगेच कमी करा, नाहीतर बाद. स्नेहल बॅटरी चार्जिंगला घेऊन गेलेली, बाकीचे दुसऱ्यांचे रोबो बघत फिरत होते. मी बनवलेल्या त्या हाताच्या दोन पट्ट्या काढल्या असत्या तरी भागलं असतं. पण मग हात जड होता हे मान्य करावं लागलं असतं. तेही तिच्यासमोर. मी रोबो आडवा केला, तळाची प्लेट काढली आणि बॅगेत टाकली. टीमला सांगितलं, इथून तिथून थोडं थोडं कमी केलंय.

पहिलाच ठोकळा उचलला आणि रोबो तोंडावर पडला. उभा केला, परत पडला. संपलं.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, त्या वयात होते. असेल. पण नंतर सामान टेम्पोत चढवलं तेव्हा मागे मी एकटाच बसलेलो. मी ती प्लेट बॅगेतून काढली आणि रोबोला होती तशी परत बसवली. बोल्ट नीट आवळले. ही चूक होती का?

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये स्नेहलने रोबो उलटा केला. तळाची प्लेट हलवून बघितली. मग सरांना म्हणाली, "प्लेट होती तरी पडला, म्हणजे माझंच गणित चुकलं, सर. पुढची चाकं अजून पुढे हवी होती."

तिने प्रत्येकाची माफी मागितली. माझीसुद्धा. मी मान हलवली.

तिने टीम सोडली. मी तीच गोष्ट नोकरीच्या मुलाखतीत सांगितली — टीममधल्या एकीच्या चुकीतून मी काय शिकलो. नोकरी लागली. घोडबंदर रोडवर आज माझं जे घर आहे, ते त्याच नोकरीवर घेतलंय.

गेल्या नवरात्रात ठाण्यात टेंभी नाक्यावर ती भेटली. नवरा, लहान मुलगी सोबत. विम्याच्या ऑफिसात कामाला आहे म्हणाली. कॉलेज संपल्यावर मशीन डिझाइनच्या एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलेलं, पण ती गेलीच नव्हती. हसत हसत सांगत होती, "म्हटलं, साधी चाकं कुठे बसवायची ते कळत नाही, तिथे जाऊन काय करणार? तुमची सगळ्यांची मेहनत वाया घालवली रे मी."

गर्दी होती, ढोल वाजत होते. तरी मला स्पष्ट ऐकू आलं. सांगायला वेळही होता. तिची मुलगी फुगेवाल्याकडे बघत होती, नवरा फोनवर होता. मी तोंड उघडलं.

"जाऊ दे गं," मी म्हणालो. "आम्ही कधीच मनात ठेवलं नाही."

तिला बरं वाटलं. तिने माझे आभार मानले.