दुखवट्याचं हेल्मेट

आमच्याकडे दहाव्याला टोप्या येतात. घरातलं माणूस गेलं की भाऊबंद मुंडण करून उघड्या डोक्यानं राहतात, आणि दहाव्याला नदीवरचे विधी उरकले की पाहुणे दुखवटा म्हणून त्यांच्या डोक्यावर टोपी घालतात. लेकीच्या सासरहूनही टोपी-टॉवेल न्यायची रीत आहे. माझ्या चुलत्यांच्या दहाव्याला मी वडिलांसाठी हेल्मेट घेऊन गेले.

चुलते म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. पिंपळवंडीहून मंचरच्या बाजाराला मेथीच्या जुड्या घेऊन मोटारसायकलवर निघाले होते. कळंबजवळ पुढच्या पिकअपनं अचानक ब्रेक मारला. मार डोक्यालाच लागला. उचलणाऱ्या लोकांनी सांगितलं, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. फोनवर हे ऐकलं तेव्हा दुःखाच्या आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू? कारण वडीलही त्याच रस्त्यानं तसेच जायचे. डोक्यावर टोपी, टोपीवरून कानाला टॉवेल, पायात चपला. थंडीत जर्किन उलटं घालायचे, चेन पाठीकडे, म्हणजे छातीला वारं लागत नाही. एवढीच त्यांची सुरक्षा. एक भाऊ गेला होता, दुसरा त्याच रस्त्यावर जाणार होता, आणि मला झोप लागत नव्हती.

माझं सासर जुन्नरचं. पेठेत एक चाचा गाड्यांची सीटकव्हरं शिवतात आणि हेल्मेटंही विकतात. त्यांनी पहिल्यांदा काढलं ते काळंभोर, त्यावर विजेचे पिवळे पट्टे आणि आरशासारखी काच.

"हे सध्या लई चालतंय, ताई."

"चाचा, वडिलांना पाहिजे. घरात सुतक आहे."

"मग म्हाताऱ्या माणसानं स्टाईल करू नये का?" असं म्हणत त्यांनी दुसरं काढलं. अर्धं, हलकं, कानाला मोकळं. "याच्यात तंबाखू खाता येते, थुंकता येतं. आराम आहे."

"आणि हनुवटी?"

"हनुवटी उघडीच."

शेवटी पूर्ण तोंड झाकणारं, साधं पांढरं, आयएसआयचा शिक्का असलेलं घेतलं. आतलं अस्तर काढून धुता येत होतं, कारण वडिलांना घाम फार. भिंतीवर कोपराला आणि पाठीला जाड गाद्या लावलेलं जाकीट टांगलेलं होतं. ते घालून वडील कांद्याच्या वाफ्यात उभे आहेत असं डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू फुटलं. मग तिथंच रडू आलं. चाचांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसरीकडे बघत राहिले.

माप म्हणून मी वडिलांची एक जुनी टोपी पर्समधून नेली होती. चाचांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "टोपी घालून बसवायचं का टोपीशिवाय? आमच्याकडं बघा, मोठं माप आधी संपतं. सगळ्यांना टोपीसकट पाहिजे."

"टोपीशिवाय. घट्ट बसलं पाहिजे."

"मग घालायचे न्हाईत ते."

"घालतील," मी म्हटलं, जसं काही ते माझ्या हातात होतं.

दहाव्याला घाटावर ही गर्दी. चुलत्यांना जन्मात न भेटलेला एक पुढारी त्यांच्या आठवणी सांगत होता आणि माईक सोडायला तयार नव्हता. नंतर पाहुणे ओळीनं येऊन टोप्या घालू लागले. माझी पाळी आली तशी मी पिशवीतून हेल्मेट काढलं.

"आगं, काय ही थट्टा?" आत्या म्हणाली. "मयताच्या टायमाला असं आणत्यात व्हय?"

"मयत कशानं झालं, आत्या?" मी म्हटलं. माझी जीभ तशी लहानपणापासूनच लांब.

वडिलांनी हेल्मेट हातात घेतलं. डोक्यात घातलं नाही, परतही दिलं नाही. शेजारी दगडावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता पुढच्या पाहुण्यापुढे मान वाकवली.

तेरावं होईपर्यंत मी माहेरीच राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, काकांनी हेल्मेट घातलं असतं तर आज इथं असते. वडील शेजारी बसून ऐकायचे. मधेच उठून गोठ्याकडे जायचे. मला वाटायचं, बरं झालं, टोचतंय तर टोचू दे.

मग तेराव्याच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी मेथीच्या जुड्या गाडीला बांधल्या, टोपी सारखी केली आणि गाडी चालू केली. हेल्मेट घरात फळीवर तसंच होतं. मी ते घेऊन धावले आणि गाडीच्या पुढे उभी राहिले.

"दादा, हे घाला."

"बाजूला व्हय. बाजार उठंल."

"न्हाई व्हणार. काकांनी घातलं असतं तर..."

वडिलांनी गाडी बंद केली. "घातलं व्हतं त्यानं."

मला काही उमगेना. पुढे धरलेलं हेल्मेट मी खाली घेतलं.

"मीच घेऊन दिलं व्हतं. नारायणगावात. दुकानदार म्हणला, टोपी काढून माप बघा. थोरल्या भावाला चारचौघांत टोपी काढ म्हणायची माझी छाती झाली न्हाई. म्हणलं, एक नंबर मोठं द्या, टोपीसकट बसंल." ते हँडलकडे बघत बोलत होते. "मागून उसात सापडलं मला. पट्टा लावलेला व्हता. टोपी आतच व्हती."

"कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलू? वयनीला काय सांगू?"

मला स्वतःची शरम वाटली, आणि त्याहून जास्त त्यांची कीव आली. इतके दिवस गाव मेलेल्या माणसाला बोल लावत होतं, मी सगळ्यांत मोठ्या आवाजात, आणि हा माणूस शेजारी बसून सगळं गिळत होता.

वडील गाडीवरून उतरले. टोपी काढून त्यांनी आरशाला अडकवली. डोक्यावर नुकतेच पांढरे खुंट आले होते. त्यांनी हेल्मेट दोन्ही हातांनी दाबून घातलं. कान दुमडले असावेत, कारण तोंड कसंनुसं झालं. पट्टा लावला आणि माझ्यापुढे मान खाली घातली.

"हलव."

मी दोन्ही हातांनी हेल्मेट धरून जरासं हलवलं.

"आगं, जोरात. निघतंय का बघ."

मी जोर लावून हलवलं. हेल्मेट जागचं हललं नाही. त्याच्याबरोबर त्यांची मान हलत होती, खांदे हलत होते. मी हात थांबवले तरी खांदे हलतच राहिले. "निघतंय का?" त्यांनी आतून विचारलं.

"न्हाई, दादा. न्हाई निघत," मी म्हटलं.

पण ते मान वर करेनात.