गुंडाची दोन नाकं

उमेदीची सगळी वर्षं आकारामने साखर कारखान्यात पंप बसवले. मोटर आणि पंप यांचे दांडे एका रेषेत आल्याशिवाय तो चहाला उठत नसे. निवृत्त झाल्यावर हाच हट्ट त्याने कॅमेऱ्यावर काढला. कॅमेरा जुना, रोलचा, रेंजफाइंडर. त्याच्या खिडकीत मधोमध एक उजळ चौकोन असतो आणि त्यात समोरचा माणूस दुहेरी दिसतो. भिंगाची कडी फिरवत दोन्ही चित्रं एकावर एक बसवायची, मग बटण दाबायचं. आकारामला हे काम ओळखीचं वाटलं.

कुंडलच्या तालमीत भिंतीवर टांगलेले पैलवानांचे फोटो त्यानेच काढलेले. पण यंदा रोल धुऊन आले ते धूसर, कडा पसरलेले. वस्ताद सिद्धूंनी एक फोटो हात लांब करून धरला.

"आकाराम, आपल्या गुंडाला दोन नाकं कवापासनं आली रं?"

तालीम हसली. खुद्द गुंडाही नाक चाचपत हसला. आकाराम हसला नाही. दोन महिन्यांवर कुस्त्यांचं मैदान आलं होतं आणि गुंडा पहिल्यांदाच मोठ्या जोडीत लढणार होता. त्या कुस्तीचा फोटो बिघडून चालणार नव्हता.

"कॅमेरा झिजला," त्याने घरी निकाल दिला.

पलूसचे द्राक्ष बागायतदार लालासाहेब आपला डिजिटल रेंजफाइंडर विकत होते. फुल फ्रेम, आतला सेन्सर रोलच्या चौकटीएवढा, त्यामुळे आकारामची जुनी भिंगंही चालणार. किंमत मात्र अशी, की फंडाची ठेव मोडावी लागली असती. "वापरून बघा, मग ठरवा," म्हणत लालासाहेबांनी तो हातात दिला.

"आवं, एवढ्या पैशात ह्यो दळण तरी दळतोय का?" येसूबाईने विचारलं. तिचा नवरा आपली भिंगं त्याला लावून बघत होता.

सकाळी त्याने गुंडाला तालमीच्या दारात उभं केलं. कडी पुढे, कडी मागे. दुसरं नाक काही हटेना. पडद्यावर फोटो मोठा करून बघितला तर कान स्वच्छ, नाक धूसर.

"ह्योबी बिघडलाय!"

आता मापच घ्यायचं. घरी त्याने भिंतीवर खडूने उभी रेघ मारली, टेपने अंतर मोजलं, कॅमेरा स्टुलावर पक्का बसवला आणि कडी नेमकी त्या अंतराच्या आकड्यावर ठेवली. खिडकीत रेघा दोन.

"येसू, किती रेघा हायत बघ."

"एकच की."

"नीट बघ."

"एक रेघ मोजायला आनि नीट काय बघायचं?"

त्याने जुना कॅमेरा त्याच जागी ठेवला. येसूबाईला त्यातही एकच दिसली. मग तो स्वतः डाव्या डोळ्याने वाकला. एक. उजव्याने, दोन. डाव्या डोळ्याने धकवून नेता आलं असतं. धकवून नेणं त्याने कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेरा परत केला.

"पसंत न्हाई?" लालासाहेबांनी विचारलं.

"लय पसंत हाय. पर आधी भिंग बदलायचंय."

"कुठलं?"

आकारामने उजव्या डोळ्याकडे बोट केलं. "मिरजेला डोळ्याच्या दवाखान्यात जातो."

"तवर दुसरं गिऱ्हाईक आलं तर?"

"देऊन टाका. माझ्या जुन्याचा कस अजून संपला न्हाई. मीच त्याच्यावर आळ घेतला."

मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलेली पथ्यं त्याने पंपाच्या जोडणीसारखी काटेकोर पाळली. डोळा मोकळा झाल्यावर रोज सकाळी रोल न घालता जुना कॅमेरा धरायचा, खडूची रेघ जुळवायची, कडी फिरवून जुळणी मोडायची, पुन्हा जुळवायची. बोट आपसूक थांबायला लागलं तेव्हा त्याने रोल भरला.

मैदानात गुंडाने समोरच्याला उचललं. चौकोनात दोन गुंडा होते. ते सरकत एक झाले. आकारामने बटण दाबलं.

फोटो धुऊन आला. वस्तादांनी पुन्हा हात लांब केला.

"नाक एकच हाय. पर लय मोठं आलंय की रं."

"हाय तेवढंच आलंय," आकाराम म्हणाला. "खिळा द्या."