दार बघ आधी

"दार बघ आधी!" कुठल्याही सायफाय सिरीजबद्दल मत विचारलं की तो हेच म्हणायचा. आपण परग्रहावरच्या युद्धाचं वर्णन करतोय आणि याचं लक्ष यानाच्या दाराकडे.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीची लिफ्ट तो पंधरा-वीस वर्षं सांभाळत होता. महिन्यातून एकदा यायचा, तेलपाणी करायचा आणि मग सोसायटीच्या ऑफिसात चहाला बसायचा. मी सेक्रेटरी, म्हणून एरवी मला 'साहेब' म्हणायचा. सिरीजचा विषय निघाला की मात्र साहेब गळून पडायचा आणि 'अरे' सुरू व्हायचं. असा एखादा तुम्हालाही भेटला असेल. शिक्षण बेताचं, पण निकाल देणार सरन्यायाधीशाच्या थाटात.

माझी लाडकी सिरीज परदेशी, आठ सीझनची. तिच्यातलं तत्त्वज्ञान मलाही अर्धंच कळायचं, पण हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याची लाडकी म्हणजे लहानपणी रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर उभं राहून पाहिलेली. यान पुठ्ठ्याचं, आणि परग्रहावरचा राजा म्हणजे डोक्यावर चाळणी घातलेला इसम.

"अरे, ते दार मागून कोणीतरी दोरीने ओढतोय," मी म्हणायचो.

"ओढतोय ना? म्हणजे माणूस आहे तिथे. तुझ्या यानात चारशे लोकं, सगळे कॅप्टन नाहीतर डॉक्टर. हातात पाना असलेला एक तरी दाखव. बंद पडलं की वाट लागली यार!"

"ते यान स्वतःच स्वतःला दुरुस्त करतं."

"हां. आणि मी गणपतीला मंगळावर जातो, लाल डब्यातून."

सर्व्हिस कार्डाच्या पाठीवर तो गुणसुद्धा लिहायचा. माझी सिरीज: दार दहा, मेकॅनिक शून्य, नापास. त्याची: दार दोन, मेकॅनिक दहा, झकास.

पुढे कमिटीने नवी लिफ्ट घ्यायचं काढलं. आवाज न करता सरकणारी दारं, आत बोलणारी बाई, बिघाड झालाच तर कंपनीला आपोआप निरोप. देखभालही त्याच कंपनीकडे. म्हणजे याचं काम जाणार होतं.

मीटिंगच्या आधी त्याने मला गाठलं. "अरे, माझ्यासाठी बोलशील ना दोन शब्द? जुनी लिफ्ट अजून चालेल, मी सांगतो ना."

"बघतो," मी म्हणालो.

आठ सीझन तत्त्वज्ञान पचवलेला मी त्या मीटिंगमध्ये समोसा खात गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला ती दारं हवी होती. थेट माझ्या सिरीजमधल्यासारखी होती.

मशीनरूमची किल्ली परत द्यायला तो शेवटचा आला, तेव्हा नवी लिफ्ट बसली होती. मी उसनं हसून विचारलं, "दार बघितलंस का? किती मार्क?"

"दहापैकी दहा, साहेब."

चहा न घेताच गेला. त्या 'साहेब'ची मला अजून लाज वाटते.

परवा दुपारी नवी लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत मी एकटाच. "काळजी करू नका, आपली तक्रार नोंदवली आहे," बाई गोड आवाजात म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. मग म्हणतच राहिली. कंपनीचा माणूस निघाला होता म्हणे, वांद्र्याहून.

माझ्या हातात फोन होता, त्याला रेंज होती, त्यात आमच्या जुन्या मेकॅनिकचा नंबरही होता. तो राहतो विक्रोळीला, रिक्षाने वीस मिनिटांवर, आणि मला खात्री आहे की तो आला असता. पण त्याला फोन करायला मला तोंड नव्हतं.

तासभर मी दार बघत बसलो.