श्रीवर्धनच्या पत्र्याखाली ऐकलेलं विमान

"श्रीवर्धनला चार दिवस, राहणं-जेवणं आमच्याकडे, काम फक्त बोलण्याचं," असं फोनवर ऐकल्यावर मी फार विचार केला नाही. मी पुण्यात जपानी शिकवते. दुभाषी म्हणून बोलावणी येतात ती बहुतेक चाकणच्या कारखान्यांतून, जिथे दिवसभर नट-बोल्टचं भाषांतर करायचं आणि रात्री घरी यायचं. इथे निदान समुद्र होता. काम काय ते मात्र मला नीटसं कळलं नव्हतं. आवाजापेक्षा वेगाने जाणारी प्रवासी विमानं पुन्हा आणायची आहेत, या वेळी कमी गोंगाटाची आणि कमी धुराची, त्यासाठी बरेच देश एकत्र काम करतायत आणि त्यातली काही मंडळी लोकांना एक आवाज ऐकवायला कोकणात आली आहेत, एवढंच कानावर आलं होतं.

पुण्याहून जाणार असाल तर ताम्हिणीतून माणगावला उतरा आणि तिथून म्हसळ्याकडे वळा. घाटातला रस्ता चांगला आहे. म्हसळ्याच्या अलीकडे काम चालू असल्याने हाडं खिळखिळी करणारे थोडे तुकडे लागतात. सकाळी लवकर निघालात तर जेवायला श्रीवर्धनात पोचता. शेवटच्या उतारावर दोन्ही बाजूंनी सुपारीच्या वाड्या सुरू झाल्या आणि गाडीची काच खाली केल्याबरोबर ओल्या मातीचा गारवा आत आला. काही वाड्यांत मात्र झाडं माणसाच्या उंचीचीच होती. निसर्ग चक्रीवादळानंतर लावलेली, असं नंतर कळलं.

उतरले ते सुनंदाकाकूंकडे. घरच्याच दोन खोल्या त्या पर्यटकांना देतात. श्रीवर्धनात अशी घरगुती सोय पुष्कळ आहे आणि हॉटेलपेक्षा बरीच स्वस्त पडते, फक्त जेवणाचं आधी सांगून ठेवा. काकूंच्या हातची तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्ल्यावर मी चार दिवस बाहेर जेवले नाही. माझ्या शेजारच्या खोलीत मोरी-सान होत्या; ‘सान’ म्हणजे आपलं मानाचं ‘बाई’. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, जपानहून आलेल्या ध्वनितज्ज्ञ. सोड्यांचं, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचं, कालवण त्यांनी दोनदा वाढून घेतलं, तेव्हाच काकूंनी त्यांना आपल्यात घेतलं.

"त्या बाईंनी इमानाचा आवाज डब्यात भरून आणलाय म्हनं?" काकूंनी मला विचारलं.

डबा खरंच होता. समुद्राजवळच्या मैदानात एक मोठा कंटेनर उभा होता. आत साधी खोली: खाट, खिडकी, कपाट, वर छत. बाहेरच्या भिंतींत मोठाले स्पीकर. माणसाने आत बसायचं, आवाज ऐकायचा आणि त्रास किती झाला ते सांगायचं. नको वाटलं तर लाल बटण दाबायचं. फेलिक्स नावाचा जर्मन अभियंता यंत्रं सांभाळत होता आणि मुंबईच्या एका कॉलेजातले प्राध्यापक कारखानीस सगळं जुळवून आणत होते; मला फोनही त्यांचाच आला होता.

"विमानाचं नाक एका देशात, इंजिन दुसऱ्या देशात, इंधन तिसऱ्या," कारखानीस मला समजावत होते. "पण जमिनीवर किती आवाज चालेल, हा नियम सगळ्यांना मिळूनच करावा लागणार. म्हणून हा डबा वेगवेगळ्या देशांत फिरतोय."

"पण कोकणात का?"

"मुंबईहून पश्चिमेला जाणारी विमानं समुद्रावर वेग घेतील. त्यांचा आवाज किनाऱ्यापर्यंत येऊ शकतो."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मी दहा वेळा तरी या किनाऱ्यावर आले असेन. या आकाशाबद्दल कुठेतरी बोलणी चालली असतील, असं कधी मनातही आलं नव्हतं.

आधी मी स्वतः आत बसले. पहिला आवाज जुन्या प्रकारच्या विमानाचा. फेलिक्सने सांगून ठेवलं होतं, तरी तो छातीवरच आदळला. हातातली पाण्याची बाटली कधी पडली ते समजलं नाही. दुसरा आवाज नव्या विमानाचा. दूर कुणीतरी गादी टाकावी तसा एक मऊ धप्प. मी बाहेर येऊन हसले. मोरी-सानही हसल्या. विमानाचं नाक लांब निमुळतं केलं की हवेतले धक्के एकत्र येत नाहीत, विखरून खाली येतात. तो धप्प असा मऊ व्हावा म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती.

पहिल्या दिवशी आलेल्यांनाही नवा आवाज पसंत पडला. एक सुपारीचे व्यापारी म्हणाले, "यापेक्षा आमच्या शेजाऱ्यांचा मिक्सर मोठा." मी ते भाषांतरित केलं आणि फेलिक्स खूश झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने खोलीचं छत बदललं. इथल्या घरांवर असतात तसे पत्रे चढवले. हे आधीच ठरलेलं होतं, प्रत्येक ठिकाणी तिथल्यासारखं छप्पर. दुपारी सुनंदाकाकू स्वतःहून आल्या. नवी साडी नेसून, जरा मजेत.

त्या आत गेल्या. जुना आवाज झाला. काकूंनी कान झाकून घेतले आणि "मोठा हाय" म्हणाल्या. मग नवा. बाहेर आम्हाला पत्र्यांची हलकी थरथर तेवढी ऐकू आली. आतून उत्तर आलं नाही. बटणही दाबलं गेलं नाही. मी माइकवरून विचारलं, पुन्हा विचारलं. मोरी-सान उठल्या आणि त्यांनी दार उघडलं.

खाटेवर कुणी नव्हतं. काकू खाटेखाली होत्या. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला आणि एक हात बाजूला पसरलेला, शेजारी कुणालातरी धरून ठेवल्यासारखा.

मी जमिनीवर बसले. मोरी-सान माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या. फेलिक्स दारातच उभा राहिला, पांढराफटक.

"काकू, मी आहे," मी म्हटलं. "काही नाही झालं. बाहेर या."

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "पत्रे उडाले ना वादळात, त्याच्या आधी आसाच बोलला छप्पर. बारीक. ह्यांना मी खाटेखाली वढला आनि धरून रायले." त्यांचे यजमान घरीच होते, वाडीत पाणी लावत. काही बरंवाईट झालेलं नव्हतं. तरीही काकूंनी पदर अजून डोक्यावरून घट्ट धरलेला होता.

संध्याकाळी कंटेनरबाहेर खुर्च्या टाकून चर्चा झाली. काकूंनी घरी जायचं नाकारलं, त्या माझ्या शेजारी बसल्या. फेलिक्स हळू आवाजात म्हणाला की, ज्यांना असा पूर्वीचा धक्का आहे त्यांची उत्तरं वेगळी काढायची पद्धत आहे, एरवी सगळा हिशेब बिघडतो. कारखानीसांनी मान डोलावली.

"या किनाऱ्यावर वादळ कोणी पाहिलं नाही?" मोरी-सान म्हणाल्या. "मग सगळ्यांनाच वेगळं काढायचं का?"

काकूंनी मला कोपर मारलं. "काय म्हनतायत?"

मी जसंच्या तसं सांगितलं. तुमचं उत्तर धरायचं की नाही, ते ठरतंय.

काकू फेलिक्सकडे बघत राहिल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांना ते खरंच समजत नव्हतं. "मी भ्याले, ता काय खोटा हाय?"

हे मी आधी जपानीत सांगितलं, मग इंग्रजीत. फेलिक्सने चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"पुन्यांदा लाव म्हनावं त्याला," काकू उठल्या. "मघाशी मी उत्तर न्हाय दिला."

आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं. त्या ऐकेनात. शेवटी दार उघडं ठेवलं आणि मोरी-सान त्यांच्या शेजारी खाटेवर बसल्या, हातात हात घेऊन. मी उंबऱ्यात. धप्प झालं, पत्रे बारीक थरथरले. या वेळी मी आवाजाकडे नाही, पत्र्यांकडे कान दिला. दुपारी जुन्या आवाजाने ते एकदा खडखडून थांबले होते. हा मऊ आवाज त्यांना सरकन हलवून जात होता, कुणीतरी खालून बोटं घालून उचलून बघावं तसा. हाच आवाज मला आवडला होता.

"मोठा न्हाय," काकू सावकाश म्हणाल्या. "पन ह्यो घरात येतो. त्यो भाईर रायला, ह्यो आत आला. लिहा."

फेलिक्सने ते लिहून घेतलं. उरलेले दोन दिवस त्याने फक्त पत्रे आणि कौलं बदलून बदलून मोजमापं घेतली. कुणाला आत बसवलं नाही. रोज बाहेरच्या देशांतल्या मंडळींशी तासन् तास बोलणी होत. आवाजाची मर्यादा ठरवताना हलक्या छपरांच्या घरांचा वेगळा विचार व्हावा, असं इथूनच कळवायचं ठरलं. कारखानीसांनी काकूंच्या घरी जाऊन त्यांची माफी मागितली. काकूंनी त्यांना चहा दिला आणि वाडी दाखवली.

परतताना मोरी-सानना मुंबई विमानतळावर सोडायचं होतं, म्हणून दिघीहून फेरीबोट घेतली. गाडीसकट पलीकडे आगरदांड्याला उतरता येतं आणि खाडीला मोठा वळसा घालायचा त्रास वाचतो. सुट्टीच्या दिवशी मात्र रांग असते, वेळ हाताशी ठेवा. पुढे मुरूड-अलिबागचा रस्ता समुद्राच्या कडेने जातो.

बोटीवर मोरी-सान कठड्याला टेकून उभ्या होत्या. "तो आवाज मी शांत केला असं मला वाटत होतं," त्या म्हणाल्या. "मी तो फक्त कानाला शांत केला." मी पाव-भजी घेऊन आले, ती आम्ही उभ्या उभ्या खाल्ली.

मी लोहगावजवळ राहते. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी वरून लढाऊ विमान गेलं, नेहमीसारखं, आणि स्वयंपाकघरात कपाटातल्या बश्या किणकिणल्या. इतकी वर्षं त्या किणकिणत असणार. त्या दिवशी मी पहिल्यांदा उभी राहून ऐकलं आणि बश्या थांबेपर्यंत हलले नाही.

मध्ये एकदा मोरी-सानचा फोन आला. काकूंचं उत्तर हिशेबात धरलंय. विमानाच्या आकारावर पुन्हा काम सुरू आहे आणि तीन देशांत पत्र्याच्या छपरांखाली चाचण्या होणार आहेत. मी लगेच काकूंना कळवलं.

"मंग बरा झाला," काकू म्हणाल्या. "पन ता इमान उडनार कदी?"

"अजून बरीच वर्षं लागतील."

"लागूं दे. घाई करू नका म्हनावं त्यांना."

मुंबईहून युरोप निम्म्या वेळात, हे वाचून पूर्वी मी हरखले असते. आता कुणी विचारलं तर मी आधी विचारते, वाटेत कुणाकुणाची घरं आहेत.