पाहुण्याचा घोटा

त्या काळी गिरण्या कबड्डीचे खेळाडू पगारावर ठेवत. जळगावच्या एका गिरणीने मला संघात घेतले ते अटीवरच: पहिला सामना चांगला गेला तर नोकरी, नाहीतर साक्रीची परतीची एसटी. मी कोपऱ्यात उभा राहायचो. चढाई करणाऱ्याचा घोटा धरायचा, एवढेच माझे काम.

सामना धुळ्याच्या संघाशी होता. प्रमुख पाहुण्यांनी खिलाडूवृत्तीवर इतके लांब भाषण केले की आमचे गरम झालेले अंग पुन्हा थंड पडले. मग ते खेळ न बघताच निघून गेले.

धुळ्याकडून पहिल्या चढाईला आले ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे जावयाचा पाय धरतात तो धुवायला. घोटा हाताशी आला आणि मी मागे सरकलो. ते आमचा एक गडी बाद करून परतले.

"पाहुणचार घरी कर!" आमचा कप्तान ओरडला.

फुकटचा गुण आमच्या या जावई-पाहुण्यांनाही रुचला नसावा. पुढच्या चढाईआधी रेषेवर थांबून ते म्हणाले, "धर ना भो, आठे लगीन नही शे!"

खरेच, इथे काही लग्न नव्हते. मी धरला. ते धुळीत आडवे झाले. सामना आम्ही हरलो, पण मॅनेजरांनी मला सोमवारी कामावर बोलावले.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला ते बहिणीला घेऊन आमच्या घरी आले. परातीत त्यांचे पाय धुताना पाहिले, घोटा अजून सुजलेला होता.

"नोकरी पक्की व्हयनी ना?" त्यांनी विचारले.

"हो."

"मंग नीट चोळ."